मुलांच्या मेंदूतील जाळ्यांची वाढ आणि वर्तनसमस्या : पालक व शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालमार्गदर्शनाच्या कामात पालक आणि शिक्षक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्न शक्य तितके त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ही माहिती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

मेंदूतील 'जाळे' म्हणजे नेमके काय?

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात; परंतु एकटी चेतापेशी किंवा मेंदूचा एकटा कोपरा फारसे काही करू शकत नाही. कोणतेही काम करताना मेंदूतील एकमेकांपासून दूर असलेले काही भाग एकाच वेळी, एकाच लयीत सक्रिय होतात. अशा नेहमी जोडीने चालणाऱ्या भागांच्या समूहाला जाळे म्हणतात. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. चेतापेशींचे लांब तंतू एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे गेलेले असतात, ती प्रत्यक्ष जोडणी, म्हणजे रस्ता. आणि दोन भागांतील हालचाल एकमेकांशी जुळून चढते-उतरते, ती कार्यात्मक जोडणी, म्हणजे त्या रस्त्यावरची वाहतूक. रस्ता धड असूनही वाहतूक कोलमडू शकते, हे पुणे-मुंबई प्रवास करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

१९९५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की माणूस स्कॅनरमध्ये हात मुळीच न हलवता नुसता पडून असला, तरी हातांच्या हालचाली चालवणारे मेंदूचे डावे आणि उजवे भाग एकाच लयीत वरखाली होत असतात. या संथ चढउताराकडे तोवर यंत्रातला खरखराट म्हणून पाहिले जात असे. पुढे २००१ मध्ये मार्कस रेचल यांच्या गटाने 'डिफॉल्ट मोड' ही कल्पना मांडली. आपण बाहेरच्या कामात गुंतलेले नसतो, मन स्वतःशीच रमलेले असते, कालची भांडणे आणि उद्याचे बेत आठवत असते, तेव्हा मेंदूच्या मध्यरेषेलगतचे काही भाग जोमाने कामाला लागतात. हेच डिफॉल्ट मोड जाळे.

वर्तनाचा विचार करताना याच्या जोडीला आणखी दोन जाळी लक्षात ठेवावीत. कपाळामागचा बाहेरील भाग आणि डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूचा भाग मिळून कार्यकारी जाळे बनते. सूचना लक्षात धरून ठेवणे, मोह आवरणे, एक काम पुरे करून दुसरे हाती घेणे ही त्याची कामे. तिसरे जाळे दखल घेणारे. बाईंनी नाव पुकारले, पोटात कळ आली किंवा समोरचा रागावलेला दिसला, तर 'आता इकडे बघ' असा इशारा देऊन ते मनातल्या रमण्याकडून बाहेरच्या कामाकडे सांधा बदलते, असे मानले जाते.

ही जाळी जन्मतःच तयार असतात का?

आराखडा असतो, बांधकाम व्हायचे असते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. त्यामुळे आता काय वाढायचे राहिले, असे वाटते. पण आकार आणि जुळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालपणात चेतापेशींमधील सांधे गरजेपेक्षा पुष्कळ जास्त तयार होतात आणि मग वापरात नसलेले सांधे हळूहळू छाटले जातात. ही छाटणी १९७९ मध्ये पीटर हुटेनलोकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या नमुन्यांतील सांधे मोजून दाखवली. १९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी तीच मुले काही वर्षांच्या अंतराने पुन्हा स्कॅन करून असे नोंदवले, की मेंदूच्या पुढच्या भागातील करडा थर किशोरवयाच्या उंबरठ्यापर्यंत वाढतो आणि त्यानंतर कमी होऊ लागतो. द्राक्षबागायतदाराला ही छाटणी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी प्रक्रिया वेष्टणाची. लांब तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण चढते आणि संदेश कित्येक पटींनी वेगाने जाऊ लागतो. हे काम साधारणपणे मागून पुढे सरकते: पाहणे आणि हालचाल सांभाळणारे भाग आधी, कपाळामागचे भाग सर्वांत शेवटी. म्हणून धावण्यात तरबेज असलेला सात वर्षांचा मुलगा रांगेत पाच मिनिटे उभा राहू शकत नाही, यात विसंगती काहीच नाही.

'मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो' हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येते. अशी कोणतीही ठरलेली तारीख नाही. कपाळामागच्या भागाची जुळणी विशीतही चालू राहते आणि तंतूंच्या वेष्टणातील बदल त्याही पुढे दिसतात, एवढेच म्हणता येते.

मुलगा सातवीपर्यंत गुणी होता. आठवीत गेल्यावर एकदम बिघडला. असे का होते?

'बिघडला' हा शब्द बाजूला ठेवून पाहू. वयात येताना आनंद, बक्षीस आणि कौतुक यांना प्रतिसाद देणारे मेंदूतील खोल भाग फार संवेदनशील होतात, तर त्यांना लगाम घालणारे कार्यकारी जाळे आपल्या संथ गतीनेच पक्के होत असते. दोन्हींच्या वाढीचा वेग सारखा नसतो. सर्व संशोधकांना ही मांडणी पुरेशी वाटत नाही. ती जरा ढोबळ आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्तही आहे. तरीही तिच्यामुळे एक कोडे सुटते. पंधरा वर्षांच्या मुलाला एकट्याला बसवून विचारले, तर वेगाने गाडी चालवण्याचे धोके तो मोठ्या माणसाइतकेच नीट सांगतो. मग रात्री अकराला तिघे एका स्कूटरवर बसून, हेल्मेटशिवाय, सिग्नल तोडतात ते का?

२०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात स्कॅनरमध्ये पडलेल्या व्यक्तींना गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की दामटायचे, हे प्रत्येकाने ठरवायचे. बाहेरच्या खोलीतून मित्र पाहत आहेत असे कळताच १४ ते १८ वयोगटातील मुलांनी जास्त धोके पत्करले आणि त्यांच्या मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग अधिक सक्रिय झाले. प्रौढांवर मित्रांच्या उपस्थितीचा असा परिणाम दिसला नाही. मुलाला धोका कळत नसतो असे नाही. मित्र पाहत असतात तेव्हा त्या कळण्याचे वजन कमी पडते. त्यामुळे धोक्यांवरचे व्याख्यान पुन्हा पुन्हा ऐकवण्यापेक्षा तो कोणाबरोबर, किती वाजता आणि कोणत्या वाहनावर जातो, याकडे लक्ष दिलेले अधिक उपयोगी पडते.

एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूत काय वेगळे असते?

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार. गणिताच्या गृहपाठाला बसलेली एक नऊ वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिने पहिले उदाहरण बरोबर सोडवले. दुसऱ्यात हातचा घेतला आणि तो मिळवायचा राहिला. तिसऱ्याच्या मध्यावर पेन्सिलीचे टोक तुटले, शार्पनर शोधताना जुने स्टिकर सापडले आणि पुढची दहा मिनिटे ती स्टिकरसोबत होती. आई म्हणते, 'येतं सगळं, पण लक्षच नाही.' आईचे निरीक्षण अचूक आहे.

सर्वसाधारणपणे काम सुरू झाले, की कार्यकारी जाळे वर येते आणि डिफॉल्ट मोड जाळे मागे हटते. २००७ मध्ये सोनुगा-बार्क आणि कास्तेयानोस यांनी अशी कल्पना मांडली, की एडीएचडीमध्ये हे मागे हटणे अपुरे राहते आणि मनातली भटकंती कामाच्या मधोमध डोकावत राहते. अशा मुलांचा प्रतिसाद सरसकट मंद नसतो. तो या क्षणी चपळ तर पुढच्या क्षणी हरवलेला असतो, याची संगती या कल्पनेने लागते.

त्याच वर्षी फिलिप शॉ यांच्या गटाने एडीएचडी असलेली २२३ आणि नसलेली २२३ मुले यांच्या मेंदूच्या बाहेरील थराची जाडी तपासली. त्या थराच्या निम्म्या भागाने सर्वाधिक जाडी गाठली, ते वय एडीएचडी नसलेल्या मुलांत सुमारे साडेसात वर्षे होते, तर एडीएचडी असलेल्यांत सुमारे साडेदहा वर्षे. वाढीचा क्रम मात्र दोन्हीकडे बराचसा सारखाच होता. 'मूल वयाच्या मानाने लहान वागते' ही आजीची तक्रार येथे मोजमापात उतरलेली दिसते. परंतु यावरून 'तीन वर्षांनी आपोआप बरोबरी होईल' असा अर्थ काढू नये. काही मुलांची लक्षणे वाढत्या वयाबरोबर ओसरतात, अनेकांची प्रौढ वयातही राहतात, आणि मधल्या काळात शाळेत ऐकलेल्या बोलण्यांचे ओझे साठते ते वेगळेच.

उलट बोलणे, मारामारी, चोरी यांचेही मेंदूत काही ठिकाण असते का?

एकच ठिकाण नसते, कारण हे एकाच प्रकारचे वर्तन नसते. काही मुले भडकून मारतात. कोणी सहज धक्का दिला, तरी त्यांना तो मुद्दाम दिलेला वाटतो. भीती आणि धोका ओळखणारा अमिग्डाला चटकन पेटतो आणि कपाळामागच्या भागाकडून त्याला वेळेवर आवर बसत नाही. हा दुवा लहानपणी अपरिपक्वच असतो आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्याचे स्वरूप पालटू लागते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. याउलट थोडी मुले थंडपणे, ठरवून दुखावतात आणि नंतर त्यांना फारसे वाईटही वाटत नाही. अशा मुलांत घाबरलेला चेहरा पाहिल्यावर अमिग्डालाचा प्रतिसाद उलट कमी आढळला आहे. बाहेरून दोन्ही मारामाऱ्या सारख्याच दिसतात आणि शाळेच्या डायरीत दोन्हींबद्दल शेरा एकच असतो. उपाय मात्र वेगळे करावे लागतात.

वय कोणते, हेही महत्त्वाचे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्या कामातून टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा दाखवल्या: काहींचे नियम मोडणे बालवाडीपासून दिसते आणि टिकते, तर बहुसंख्यांचे किशोरवयात सुरू होऊन तारुण्यात मावळते. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा वर्गाला दांडी मारणारा मुलगा आणि चौथ्या वर्षापासून रोज कोणाला तरी चावणारा मुलगा यांना एकाच पारड्यात तोलू नये.

माझी मुलगी कोणालाच त्रास देत नाही. फक्त गप्प गप्प झाली आहे. हीसुद्धा वर्तनसमस्या आहे का?

होय, आणि तिच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते. वर्गात बाक वाजवणारा मुलगा आठवड्याभरात समुपदेशकाकडे पोहोचतो. शेवटून दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसलेली मुलगी वर्षभर 'शांत व गुणी' म्हणून प्रगतिपुस्तकात चढते. भूक, झोप, मैत्रिणी आणि आवडीचे छंद यांपैकी दोन-तीन गोष्टी एकदम गळून पडल्या असतील, तर दहावीचे वर्ष संपण्याची वाट पाहू नये.

मेंदूचा एमआरआय काढला तर निदान होईल ना?

नाही. या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे, कारण या गैरसमजापायी कुटुंबांचा पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

काही महिन्यांपूर्वी एक आई मोठे तपकिरी पाकीट छातीशी धरून आली. आठ वर्षांच्या मुलाचा एमआरआय कोणाच्या तरी सांगण्यावरून काढला होता आणि त्यासाठी भिशीचे पैसे उचलले होते. अहवालात 'सर्व काही सामान्य' असे होते. तिने विचारले, 'म्हणजे हा मुद्दाम करतो, असंच ना?' त्या सामान्य अहवालाने तिची शेवटची आशा काढून घेतली होती. खरे पाहता त्या अहवालाने मुलाच्या वागण्याबद्दल हे किंवा ते, काहीच सांगितले नव्हते.

वर उल्लेखिलेले सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. २०१७ मध्ये एडीएचडी असलेल्या १,७१३ आणि नसलेल्या १,५२९ व्यक्तींचे स्कॅन जगभरातून एकत्र करून पाहिले, तेव्हा मेंदूतील काही खोल भाग सरासरीने किंचित लहान आढळले. पण फरक इतके सूक्ष्म होते, की दोन्ही गट बहुतांशी एकमेकांवर पसरलेले होते. दवाखान्यात काढला जाणारा नेहमीचा एमआरआय तर मेंदूची रचना दाखवतो, जाळ्यांची वाहतूक नव्हे. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की स्कॅन आणि वर्तन यांचा भरवशाचा संबंध लावायला हजारो व्यक्ती लागतात. वीस-पंचवीस जणांवर केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष पुन्हा तपासले असता टिकत नाहीत.

त्यातच एक गमतीशीर, पण संशोधकांची झोप उडवणारी गोष्ट २०१२ मध्ये पुढे आली. स्कॅन चालू असताना डोके मिलिमीटरभर जरी हलले, तरी जवळच्या भागांची जोडणी खोटीच घट्ट दिसते आणि दूरच्या भागांची खोटीच सैल. लहान आणि चंचल मुले जास्त हलतात, हे उघड आहे. त्यामुळे 'वयानुसार दूरची जोडणी वाढते' यासारख्या तोवरच्या निष्कर्षांतला काही वाटा केवळ चुळबुळीचा होता. नंतर हे दोष काढून टाकण्याच्या पद्धती आल्या आणि जुने आकडे खाली आणावे लागले. असे स्वतःला तपासून मागे घेणारे शास्त्र पाहिले, की 'ब्रेन मॅपिंग'च्या रंगीत चित्रांवर एका बैठकीत निदान देणाऱ्या जाहिराती अधिकच खटकतात.

फिट येणे, शिकलेले बोलणे-चालणे मागे पडणे, डोक्याला मार लागल्यानंतर स्वभाव पालटणे किंवा अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा येणे, अशा वेळी डॉक्टर एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींची नोंद) जरूर सांगतात आणि तेव्हा तो टाळू नये. एडीएचडीचे निदान मात्र मुलाच्या इतिहासावरून होते: लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येत असावा.

हे सारे संशोधन परदेशातले आहे. आपल्याकडे काही झाले आहे का?

बरेचसे परदेशातले आहे, हे खरे. अमेरिकेतील 'एबीसीडी' या अभ्यासात नऊ-दहा वर्षांची सुमारे ११,९०० मुले घेऊन त्यांचा पाठपुरावा चालू आहे. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने आणि ब्रिटिश संशोधकांच्या सहकार्याने 'सी-वेडा' नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात ६ ते २३ वयोगटातील सुमारे दहा हजार मुलामुलींचे उद्दिष्ट ठेवून देशातील सात केंद्रांवर वर्तन, व्यसनाधीनता आणि मेंदूची वाढ यांच्या नोंदी घेण्याचे योजले. निम्हान्सनेच केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. ज्यांच्यावर हे निष्कर्ष उद्या लावले जाणार, ती मुले अभ्यासातही असावीत, ही अपेक्षा फार मोठी नाही.

मोबाइलमुळे मुलांचा मेंदू खराब होतो का?

'खराब होतो' असे म्हणण्याइतका पुरावा नाही. हजारो मुलांच्या नोंदींत स्क्रीनचा वेळ आणि वर्तनाच्या तक्रारी यांचा संबंध सापडतो, पण तो लहान असतो. शिवाय कोणते कारण आणि कोणता परिणाम, हे त्यावरून ठरत नाही. चंचल मुलाला शांत बसवण्यासाठीच घरात आधी मोबाइल दिला जातो, हे आपण सगळेच जाणतो. मोबाइलने काय हिसकावून घेतले, हा प्रश्न अधिक कामाचा आहे: झोप, मैदान, की गप्पा? अगदी लहान वयाबाबत मात्र सूचना स्पष्ट आहेत. दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊ नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत ठेवावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवले आहे. भरवताना समोर गाणी लावणाऱ्या घरांना हे जड जाते. तरी बोलत बोलत भरवलेला वरणभात बाळाला भाषेच्या दृष्टीने जे देतो, ते ती गाणी देत नाहीत.

झोपेचा वर्तनाशी इतका संबंध असतो का?

असतो, आणि तपासणीत सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच असावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. अपुऱ्या झोपेचा फटका कार्यकारी जाळ्याला बसतो. मूल मोठ्यांसारखे पेंगत नाही, उलट चिडचिडे आणि अतिचंचल होते, आणि मग त्यालाच एडीएचडी समजले जाण्याची शक्यता असते. रात्री घोरणाऱ्या, तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या मुलाच्या टॉन्सिल व अॅडेनॉइडची (नाकामागच्या गाठींची) तपासणी याच कारणासाठी करून घ्यावी.

वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. दहावीतला मुलगा अकरापर्यंत जागा राहतो, तो निव्वळ हट्टाने नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच आहे. पण जैविक घड्याळ उशिराकडे सरकते ते सातवी-आठवीनंतरच्या मुलांचे, आणि सातच्या ठोक्याला शाळेत हजर व्हावे लागते तेही बहुधा त्यांनाच.

आम्हीही मार खाऊनच मोठे झालो. एखादी चापट दिली तर काय बिघडते?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४७ मुलांना घाबरलेले चेहरे दाखवले गेले. ज्यांना घरी ढुंगणावर फटके मिळत, पण त्याहून गंभीर अत्याचार झालेला नव्हता, अशा मुलांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अनेक ठिकाणी तीव्र प्रतिसाद दिसला. धोका हुंगत राहण्याकडे मेंदूचा कल वाढलेला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. असे मूल वर्गात बाईंच्या फळ्यावरील अक्षरापेक्षा बाईंच्या आवाजाचा चढ आधी टिपते. शाळेत मारणे तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मनाईचेच आहे.

दुसऱ्या टोकाला उपेक्षा आहे. रुमानियातील बुखारेस्ट येथे अनाथालयांतील १३६ तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत पाठवण्यात आले. जी मुले साधारण दोन वर्षांच्या आत घरात पोहोचली, त्यांची जवळीक साधण्याची क्षमता आणि मेंदूतील विद्युतलहरी अधिक सावरल्या. लक्ष आणि आत्मनियंत्रण यांच्या अडचणी मात्र कुटुंब मिळूनही बऱ्याच अंशी राहिल्या. मेंदूची सगळी जाळी सारख्याच वेगाने भरून येत नाहीत, हे या अभ्यासाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

मेंदूसाठी एखादे टॉनिक द्यावे का?

टॉनिकाआधी रक्त तपासावे. मायलिन तयार होण्यासाठी आणि डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या कामासाठी लोह लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. तो आढळल्यास लोहाची स्वस्त औषधे सरकारी दवाखान्यात मिळतात. स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या महागड्या बाटल्यांना असा आधार नाही.

औषधांनी मुलाचा स्वभावच बदलून जाईल, अशी भीती वाटते.

भीती स्वाभाविक आहे, आणि डॉक्टरांनी ती हसण्यावारी नेऊ नये. एडीएचडीसाठी सर्वाधिक वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट मेंदूतील डोपामिन व नॉरअॅड्रेनालिन यांची उपलब्धता वाढवते; काही अभ्यासांत औषध घेतल्यावर कामाच्या वेळी डिफॉल्ट मोड जाळे अधिक नीट मागे हटताना दिसले आहे. अमेरिकेतील ५७९ मुलांवरील आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, चौदा महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना मात्र औषधाची मात्रा कमी पुरली. तिसऱ्या वर्षाअखेरीस गटांमधील हा फरक उरला नाही, हेही सांगितले पाहिजे. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, उंचीची वाढ किंचित संथ होणे हे दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून वजन-उंचीची नोंद दर भेटीत व्हावी. औषधाने मूल बधिर आणि गप्प झाले असेल, तर मात्रा चुकली आहे असे समजून लगेच कळवावे. सहा वर्षांखालील मुलांत पालकांचे प्रशिक्षण आधी, औषधाचा विचार नंतर.

घरी आम्ही नेमके काय बदलावे?

सकाळचे सव्वासहा वाजले आहेत. आई स्वयंपाकघरातून एका दमात सांगते, 'ऊठ, दात घास, बाटली भर, मोजे घाल, बस येईल.' पाच मिनिटांनी मुलगा एक मोजा हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसलेला असतो. पाच सूचनांपैकी त्याच्यापर्यंत पोहोचली ती बहुधा शेवटची, आणि तीही अर्धीच. जे कार्यकारी जाळे अजून बांधले जात आहे, त्याच्यावर आपण पाच मजले चढवलेले असतात. त्याऐवजी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एकच गोष्ट सांगावी, ती झाली की लगेच 'घातलेस मोजे, छान' असे म्हणावे आणि मग दुसरी सांगावी. क्रमाची चित्रे कपाटाच्या दारावर चिकटवावीत. म्हणजे जे मेंदूला अजून धरून ठेवता येत नाही, ते दार धरून ठेवते.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. 'सारखा त्रास देतो' यातून काही कळत नाही. 'मंगळवार, रात्री साडेआठ; टीव्ही बंद केला; ताट ढकलले; बाबांनी पुन्हा टीव्ही लावला' या एका ओळीत सगळे आहे: आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यातून त्याला काय मिळाले. दोन आठवड्यांच्या अशा नोंदींत बहुतेक घरांना ठरावीक वेळ आणि ठरावीक प्रसंग सापडतात. रोज पंधरा मिनिटे मुलाच्या पसंतीचा खेळ त्याच्या मर्जीप्रमाणे, सूचना न देता आणि चुका न काढता खेळावा. कसाही दिवस गेला तरी ही पंधरा मिनिटे शिक्षा म्हणून काढून घेऊ नयेत. सुरुवातीला एखाद-दोन आठवडे वर्तन उलट बिघडल्यासारखे वाटते. पूर्वी हट्टाने जे मिळत होते ते आता का मिळत नाही, हे मूल तपासून पाहत असते. नेमके याच वेळी मोठी माणसे दमतात आणि येरे माझ्या मागल्या सुरू होते.

शाळेकडून काय मागावे?

पहिल्या बाकांपैकी, पण दारापासून दूर अशी जागा. मोठे काम तुकड्यांत. फळा पुसण्यासारखे उठून करायचे एखादे काम. आणि तक्रारीची डायरी रोज भरायचीच असेल, तर तीत एक चांगली ओळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. परंतु एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता अनेकदा असते, म्हणून तीही तपासून घ्यावी. प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलती लागू होतात. नववीत धावपळ करण्यापेक्षा तिसरी-चौथीतच तपासणी झालेली बरी.

कोणाकडे जावे, आणि कधी थांबू नये?

जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र निदान व उपचार केंद्रे, वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग आणि किशोरवयीनांसाठीची 'मैत्री' क्लिनिके ही सरकारी दारे उघडी आहेत. गोव्यात १९९६ पासून कार्यरत असलेल्या 'संगत' या संस्थेची सुरुवातच मुलांचा विकास आणि कौटुंबिक मानसिक आरोग्य यांपासून झाली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनीसेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. मुलावर अत्याचार होत असल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, दिवसेंदिवस जेवत-झोपत नसेल, कोणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणत असेल किंवा घरातल्यांच्या जिवाला धोका होईल असे वागत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

पहिल्या भेटीला काय घेऊन यावे?

दोन आठवड्यांची नोंदवही, गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके, लिहून संपलेल्या एखाद-दोन वह्या आणि वर्गशिक्षकांनी चार ओळींत लिहिलेले निरीक्षण. जन्माच्या वेळची कागदपत्रे असल्यास तीही. शक्य असेल तर आई आणि बाबा दोघांनी यावे, कारण एकाच मुलाच्या दोन वेगळ्या हकिकती ऐकायला मिळतात आणि दोन्ही कामाच्या असतात. आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत, हे मुलाला आदल्या दिवशीच साध्या शब्दांत सांगावे. 'दात दाखवायला जायचंय' असे सांगून आणलेले मूल पहिला अर्धा तास तोंड घट्ट मिटून फक्त दाराकडे पाहत बसते.